हंचबॅकचे साडेएकवीस टन

महाकाय यंत्रमानवांच्या लढाईचा खेळ रचणाऱ्या प्रत्येकाला एका प्रश्नाचे उत्तर लवकर द्यावे लागते: खेळाडूला आपले यंत्र किती बदलू द्यायचे? काहीच बदलू दिले नाही तर ते यंत्र त्याला आपले वाटत नाही. सगळेच बदलू दिले तर थोड्याच दिवसांत पटावरची सगळी यंत्रे नावाने वेगळी आणि आतून सारखी होतात. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी थांबावे हे सर्वांनाच मान्य असते. वाद असतो तो नेमके कुठे, याचा. माझे मत असे आहे की केवळ वजनाची मर्यादा पुरत नाही. कोणत्या अवयवात कोणत्या जातीचे आणि किती मोठे शस्त्र बसते, ही मर्यादा प्रत्येक यंत्राला जन्मतःच असली पाहिजे. हे मत ‘बॅटलटेक’ खेळताना बनत गेले, त्यामुळे उदाहरणेही मुख्यतः तिथलीच देतो.

‘बॅटलटेक’ हा मुळात पट, फासे आणि कागदी तक्ते घेऊन खेळायचा खेळ आहे. अमेरिकेतील एफएएसए या कंपनीने तो १९८४ मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने काढला. ‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्मने हक्क सांगितल्यामुळे दुसऱ्या आवृत्तीपासून नाव बदलले. त्यातील यंत्रांना मेक म्हणतात. मेकचे वजन २० ते १०० टन असते, ते पाच-पाच टनांच्या पायऱ्यांनी वाढते, आणि नवा मेक बांधण्याचे नियम इतके उघड आहेत की वही-पेन्सिल घेऊन कोणालाही ते काम करता येते.

हंचबॅक हा ५० टनांचा जुना, सर्वपरिचित मेक घ्या. सांगाड्याला एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ५ टन. इंजिनाचा क्रमांक वजन आणि चालण्याची गती यांच्या गुणाकाराने ठरतो. हंचबॅकची गती ४, म्हणून इंजिन २०० क्रमांकाचे आणि वजन साडेआठ टन. तोल सांभाळणाऱ्या जायरोला २, कॉकपिटला ३ आणि चिलखताला १० टन. बेरीज साडेअठ्ठावीस टन होते आणि हातात साडेएकवीस टन उरतात. यंत्राचे सगळे व्यक्तिमत्त्व या उरलेल्या वजनात ठरते. एचबीके-४जी या मूळ प्रकारात १४ टनांची ऑटोकॅनन-२०, तिचा २ टन दारूगोळा, एकेक टनाचे दोन मीडियम लेसर, अर्ध्या टनाचा एक स्मॉल लेसर आणि इंजिनासोबत फुकट मिळणाऱ्या दहा हीट सिंकखेरीज (हे शस्त्रांची उष्णता शोषणारे भाग) आणखी एकेक टनाचे तीन सिंक आहेत. हिशेब साडेएकवीसवर काटेकोर बसतो. ती तोफ उजव्या खांद्यावरच्या ज्या उंचवट्यात बसवली आहे, त्यावरूनच मेकला हे नाव मिळाले.

आता एचबीके-४पी हा प्रकार पाहा. हाही कारखान्याचाच आहे, कोणा हौशी खेळाडूची करामत नव्हे. तोफ आणि दारूगोळा मिळून १६ टन काढले, त्या जागी सहा मीडियम लेसर आणि दहा हीट सिंक घातले. आता मीडियम लेसर आठ झाले. प्रत्येकाचा मारा ५, म्हणजे एका फेरीत ४०. मूळ प्रकारात तोफेचे २० आणि दोन लेसरचे १० मिळून ३० होत होते. तोफ आणि मीडियम लेसर या दोन्हींचा पल्ला पटावरच्या नऊ षट्कोनी घरांचा. पळत पळत सगळी शस्त्रे झाडली तर मूळ हंचबॅक ३ अंशांनी तापतो, नवा ४ अंशांनी. हा फरक नगण्य आहे. शिवाय नव्या प्रकाराच्या पोटात फुटणारा दारूगोळाच नाही. कागदावर पाहिले तर मूळ प्रकार कोणी का घ्यावा, याला उत्तर नाही.

हे एका मेकपुरते नाही. शस्त्राचे वजन आणि त्याची उष्णता शोषण्यासाठी लागणाऱ्या हीट सिंकचे वजन एकत्र धरले, तर मीडियम लेसरला १ अधिक ३ असे ४ टन लागतात आणि मारा ५ मिळतो. लार्ज लेसरला ५ अधिक ८ असे १३ टन लागून मारा ८. पीपीसी या कणांचा झोत फेकणाऱ्या शस्त्राला १७ टन लागून मारा १०. ऑटोकॅनन-५ तर दारूगोळ्यासह १० टन खाते आणि मारा पुन्हा ५ च. लांब पल्ल्यासाठी जास्त वजन द्यावे लागते हे रास्त आहे. तरी एका टनामागे दुपटीहून अधिक फरक असेल, तर हिशेबी खेळाडू धावत जवळ जाण्याचा मार्ग शोधतो आणि बाकी सगळे विसरतो. एकाच शस्त्राने यंत्र भरून टाकण्याच्या या सवयीला खेळाडू ‘बोटिंग’ म्हणतात. नियमांत जागेचेही बंधन आहे, पण ऑटोकॅनन-२० ला दहा जागा लागतात आणि धडाच्या एका बाजूला जागाच बारा असतात, तर मीडियम लेसरला एक जागा पुरते. म्हणजे जागेचे बंधन मोठ्या शस्त्राला जाचते आणि ज्याला आवरायला हवे ते लहान शस्त्र मोकळेच राहते.

तरीही टेबलावर मूळ हंचबॅक मागे पडत नाही, याचे श्रेय फाशांना आहे. प्रत्येक शस्त्राचा नेम वेगळा, आणि ते लागले तर कुठे लागले यासाठी पुन्हा दोन फासे. आठ लेसरचा मारा हात, पाय, धड असा विखुरतो. तोफेचे २० मात्र एकाच जागी बसतात. डोक्यावर जास्तीत जास्त ९ चिलखत आणि आत ३ सांगाडा असतो, म्हणजे १२ मारा झाला की कोणताही मेक, मग तो १०० टनांचा का असेना, संपला. डोके लागण्याची शक्यता छत्तीसात एक, पण तोफेला ती एकदाच साधावी लागते आणि लेसरना एकाच फेरीत तीनदा. म्हणून ४जी समोर आला की अनुभवी खेळाडू नवव्या षट्कोनाच्या आत पाऊल टाकताना दोनदा विचार करतो. ही भीती हिशेबाच्या वहीत दिसत नाही, पण खेळात ती खरी असते.

हाच खेळ संगणकावर गेला आणि फाशांचे हे संरक्षण गळून पडले. ‘मेकवॉरियर ऑनलाइन’मध्ये माउसची खूण जिथे ठेवाल तिथे सगळी शस्त्रे एकवटतात. मग आठ लेसर आणि एक तोफ यांतला जो नाजूक फरक होता तो राहिला नाही. आठ लेसर म्हणजे एकाच जागी ४० चा घाव. कंपनीने आधी टेबलावरच्या मानाने चिलखत दुप्पट केले होते. पुढे २०१३ मध्ये एकाच जातीची शस्त्रे ठरावीक संख्येपेक्षा जास्त एकदम झाडली तर ज्यादा उष्णतेचा दंड लावला. खेळाडूंनी त्याला ‘घोस्ट हीट’ असे नाव दिले आणि ते सार्थ आहे, कारण ही उष्णता कुठून येते याला यंत्राच्या रचनेत काहीच आधार नाही. आधी मोकळीक देऊन मग ती वापरणाऱ्याला दंड करण्याचा हा प्रकार मला कधीच पटला नाही. जे नको आहे ते बसूच द्यायला नको होते.

बसू न देण्याचा उपाय म्हणजे हार्डपॉइंट. प्रत्येक अवयवात ऊर्जा, तोफ आणि क्षेपणास्त्र या जातींच्या किती जागा आहेत ते यंत्रागणिक ठरलेले असते. परंतु त्यातही जात आणि संख्या एवढेच मोजले तर काय होते, याचे उत्तम उदाहरण याच खेळातला कॅटापल्ट के२ आहे. हा ६५ टनांचा मेक मुळात दोन पीपीसी घेऊन दुरून मारा करणारा. त्याच्या धडाच्या दोन्ही बाजूंना एकेक मशीनगन आहे, आणि टेबलाच्या नियमांत मशीनगनचे वजन अर्धा टन. पण ती ‘तोफ’ जातीत मोडते, म्हणून खेळाडूंनी दोन्ही मशीनगन काढून तिथे दोन ऑटोकॅनन-२० कोंबल्या. अर्ध्या टनाच्या खाचेत १४ टनांची तोफ! वजनाचे आणि जागांचे सगळे नियम पाळून, लांबून लढणारे यंत्र गल्लीच्या तोंडाशी दबा धरणारे यंत्र झाले, आणि समोरच्याला सुरुवातीच्या काळात ते बाहेरून ओळखूही येत नसे.

ओळखण्याचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा कमी होते. पटावर दूरवर उभी असलेली मूर्ती पाहून तिच्यात काय आहे, ती कुठवर मारू शकते, तिची नाजूक बाजू कोणती, हे समोरच्याला साधारण कळले पाहिजे, कारण डावपेच त्यावरच चालतात. हंचबॅकचा उजवा खांदा उडवला की त्याचे दात पडतात हे सर्वांना ठाऊक असते. हंचबॅक चालवणाराही म्हणूनच डावी बाजू पुढे करून फिरतो. हे परस्परांचे ज्ञान म्हणजे खेळाची अर्धी मजा आहे. प्रत्येक यंत्र मनाजोगे भरता येऊ लागले की मूर्तीला अर्थ उरत नाही, आणि लढाईआधी समोरच्याचा तक्ता मागून वाचत बसावे लागते. आधीच ‘बॅटलटेक’चा एक डाव सबंध दुपार खातो.

म्हणून हार्डपॉइंटला जातीबरोबर आकारही असावा, असे मी म्हणतो. २००० सालच्या ‘मेकवॉरियर ४’मध्ये ही कल्पना आली: जातीच्या जागा मोजक्या, आणि मोठे शस्त्र एकापेक्षा जास्त जागा अडवणार. २०१९ च्या ‘मेकवॉरियर ५’मध्ये लहान, मध्यम आणि मोठे असे सरळ तीन आकार आले. दोन्ही वेळा जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली, कारण त्यांना प्रयोगशाळा काढून घेतल्यासारखे वाटले. पण या पद्धतीत मोठ्या तोफेची जागा ज्याच्याकडे आहे तो मेक मोलाचा ठरतो, आणि ‘मला हंचबॅकच हवा’ असे म्हणायला कारण मिळते.

मोहिमेत, म्हणजे एका लढाईचे परिणाम पुढच्या लढाईत नेणाऱ्या खेळात, प्रश्नाचे रूप बदलते. तिथे वेळ आणि पैसा हे कोणत्याही निषेधाहून चांगले पहारेकरी आहेत. हेअरब्रेन्ड स्कीम्सच्या २०१८ मधील ‘बॅटलटेक’मध्ये बदल करायला घेतलेला मेक कार्यशाळेत अडकतो, दिवस जातात, महिन्याचा पगार द्यायची तारीख जवळ येते, आणि लेसरची अदलाबदल खरोखर एवढी निकडीची होती का असा प्रश्न पडतो. त्या खेळाचा कच्चा दुवा असा की मूळ मेकवर चिलखत बऱ्याचदा कमी असते, त्यामुळे प्रत्येक खेळाडू पहिल्या संधीला एखादे शस्त्र काढून चिलखत वाढवतो. ज्या बदलाबद्दल कोणालाच विचार करावा लागत नाही तो कारखान्यातच झालेला असावा.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे फ्रॉमसॉफ्टवेअरची ‘आर्मर्ड कोअर’ मालिका. १९९७ पासून तिथे डोके, धड, हात, पाय सगळे सुटे आहे. पायांनी पेलायचे वजन आणि जनरेटरची शक्ती एवढीच बंधने. २०२३ च्या सहाव्या भागात सुटा भाग ज्या किमतीला घेतला त्याच किमतीला विकता येतो, म्हणजे प्रयोग फसला तरी खिशाला चाट नाही. तिथे हे शोभते, कारण एखादा बलाढ्य शत्रू म्हणजे कोडे आणि यंत्राची जुळणी म्हणजे त्याचे उत्तर. हरलात की नवी जुळणी करा. शिवाय तिथे हंचबॅकसारखे नावारूपाला आलेले यंत्र मोडत नाही, कारण यंत्र पहिल्यापासूनच खेळाडूचे आहे. पण माणसाविरुद्ध माणूस खेळू लागला तेव्हा तिथेही दोन्ही हातांत झिमरमन शॉटगन घेतलेली यंत्रे जिकडेतिकडे दिसू लागली आणि कंपनीला सुधारणा काढून त्यांना वेसण घालावी लागली.

कोणी म्हणेल की बंधने कशाला, गुण मोजा आणि समान गुणांचे संघ लढवा. ‘बॅटलटेक’मध्ये बॅटल व्हॅल्यू नावाची अशी मोजणी आहे आणि ती टनांपेक्षा कितीतरी बरी आहे, समान टनांची लढाई हा तर शुद्ध भाबडेपणा. परंतु सूत्र कितीही चांगले असले तरी त्यात काहीतरी स्वस्त राहून जाते, आणि मोकळी रचना म्हणजे ते स्वस्त काय आहे हे शोधण्याचे आमंत्रण. कारखान्याचे ठरलेले प्रकार सूत्राकडे पाहून बनवलेले नसतात, म्हणूनच सूत्र त्यांच्यावर बऱ्यापैकी लागू पडते.

आमच्या गटाच्या मोहिमेत मी जे नियम ठेवले आहेत ते यातूनच आले. कारखान्याचा कोणताही प्रकार पहिल्या दिवसापासून मोकळा. त्यापुढे, काढलेल्या शस्त्राच्या जागी त्याच जातीचे आणि तेवढ्याच किंवा कमी जागा व्यापणारे शस्त्र बसवता येते, दोन लढायांच्या मध्ये एकच बदल, आणि तोवर तो मेक कार्यशाळेत. एका शस्त्राच्या जागी अनेक शस्त्रे बसवता येत नाहीत. ४पी हवा असेल तर ४पीच मिळवावा. चिलखत एका अवयवावरून दुसऱ्यावर नेता येते. इंजिन आणि सांगाड्याला हात लावायचा नाही.

अडचण येते ती ओम्नीमेकची. खेळाच्या कथेत क्लॅन नावाच्या लढाऊ जमातींची ही यंत्रे मुळातच सुटे कप्पे बदलता येतील अशी बांधलेली आहेत. इंजिन आणि चिलखत कायमचे, शस्त्रे मात्र दर लढाईला नवी. त्यांचा ईआर मीडियम लेसर एकाच टनात ७ मारा आणि पंधरा षट्कोनांचा पल्ला देतो, त्यामुळे मनाजोगती भरती करू दिली तर वर सांगितलेला सगळा गोंधळ दुप्पट जोराने परत येतो. मी छापील मांडण्यांपुरतीच मुभा दिली आहे: प्राइम, ए, बी वगैरे. त्यांतली कोणती घेतली हे लढाईआधी समोरच्याला सांगावे की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी न सांगण्याच्या बाजूचा आहे. मांडण्यांची यादी सर्वांकडे आहे, समोरचा पहिल्या दोन फेऱ्यांत ताडू शकतो, आणि तोपर्यंतची अनिश्चितता हाच ओम्नीचा गुण आहे. पीपीसीच्या पल्ल्यात उघड्यावर उभे राहण्याची हौस असलेले आमचे दोन गडी मात्र याला अजिबात तयार नाहीत.