हे पुस्तक तर तुमच्याकडे आहे की!

एकच पुस्तक दोनदा का घेता, आणि मोबाईलवर फुकट असताना विकत तरी का घेता, हे तुम्ही इतक्यांदा विचारलंत की आता एकदा नीट लिहूनच टाकते. या खेपेला संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून आणलेल्या पुस्तकांवरूनच सांगते, म्हणजे हवेतलं बोलणं होणार नाही.

गाथासप्तशती पुन्हा घेतली. आधीची प्रत नुसत्या पद्यानुवादाची आहे. वाचायला गोड, पण मूळ गाथा त्यात नाहीत. पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावरचा हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. बहुतेक गाथा आर्या वृत्तातल्या, पहिल्या ओळीत 30 मात्रा, दुसरीत 27, तेवढ्यात सगळं प्रकरण संपतं. अनुवादकाने यमकासाठी एखादं विशेषण वाढवलं की गाथेतल्या बाईने मनात ठेवलेलं तो बोलून मोकळा होतो. नव्या प्रतीत मूळ गाथा, खाली संस्कृत छाया, म्हणजे तीच गाथा शब्दाला शब्द संस्कृतात, मग गद्य अर्थ आहे. अर्थ रुक्ष, टाइप बारीक. तरी घ्यायची तर हीच घ्या, कारण कोणी कुठे काय वाढवलं ते पडताळता येतं. पद्यानुवादाची प्रत मी काढून टाकणार नाही, तेही सांगते. मोठ्याने वाचायला तीच बरी.

ज्ञानेश्वरीची एक सुबक, चकचकीत प्रत आणली. ती मात्र घेऊ नका. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, अशुद्ध झालेल्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला आणि बजावून ठेवलं, की यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणं होईल. आज हे काम फॉन्ट करतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये उतरवला आणि कोणी ओळीवर ओळ ठेवून वाचला नाही, की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, अनुस्वार गळतात. जुन्या मराठीत अनुस्वार शोभेचा नसतो. 'देवें' म्हणजे देवाने. टिंब गेलं की कर्ताच हरवला. दुकानात उभ्या उभ्या कोणत्याही दहा ओव्या घरच्या जुन्या प्रतीच्या फोटोशी ताडून बघा. पाच मिनिटं लागतात.

आता ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ते पुस्तक. निजामकाळातल्या एका जिल्ह्याची माहिती देणारं जुनं इंग्रजी पुस्तक, नव्याने छापलेलं, कापडी बांधणीचं, किंमत चार आकडी. पाठीवर सोनेरी अक्षरं. आत नकाशाच्या जागी घडी घातलेल्या कागदाची पाठ छापली आहे! स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडलीच नाही. मशीन पानामागून पान घेत गेलं, नकाशाची कोरी बाजू आली, तीही घेतली. त्यावर पलीकडच्या रेषांची पुसट सावली तेवढी दिसते, बहुधा नदी असावी. पुढे तालुक्यांचा तक्ता आहे, त्यातला आतल्या बाजूचा रकाना पाठीच्या खाचेत गेलाय. जाड ग्रंथ पूर्ण सपाट न करता स्कॅन केला की हे होतंच. हजारांचे आकडे अर्धे दिसतात, 3 की 8 हे कळत नाही. दौलताबादच्या किल्ल्याचं छायाचित्र म्हणजे काळा डाग आहे, कारण पानं करड्या छटांत न घेता नुसत्या काळ्या-पांढऱ्यात घेतली. एक पान दोनदा आहे आणि त्याच्या पुढचं पान नाहीच. आपल्या गावची विहीर, तळं, आठवड्याचा बाजार शोधायला माणूस असलं पुस्तक उघडतो. ते हमखास त्या गेलेल्या पानावर असणार, असं वाटून जीव जळतो.

इथे तुमचं म्हणणं खरं आहे. असली छपाई बहुधा फुकट मिळणाऱ्या स्कॅनवरूनच होते, आणि तो मोबाईलवर निदान मोठा करून बघता येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, मग कोणीही छापू शकतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. त्यांची पुस्तकं आज किती जण किती तऱ्हांनी छापतात ते दुकानात दिसतंच. हक्क संपणं चांगलंच, पुस्तक स्वस्त होतं. पण छापणाऱ्याने पानं मोजायला हवीत.

पूर्वी मी स्वतःच म्हणायचे, मजकूर महत्त्वाचा, बांधणीचे चोचले कशाला. खेड्यातल्या वाचनालयाला शंभर-दीडशेत पुस्तक मिळतं, हे त्या म्हणण्याचं बळ होतं आणि आजही आहे. पण त्याच वाचनालयात, पत्र्याखाली, आपल्याकडच्या 42-43 अंशांच्या उन्हाळ्यात काय होतं ते बघा. डिंकाच्या बांधणीत फॉर्मची, म्हणजे छापून घडी घातलेल्या मोठ्या कागदाची, घडी कापून टाकतात आणि सुट्या पानांच्या कडेला गरम गोंद लावतात. गोंद उन्हाने मऊ पडतो, वर्षागणिक कडक होतो, मग पुस्तक मधोमध उघडलं की कडकन तडकतो आणि पानं हातात येतात. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला आडवा असेल तर पावसाळ्यात पानं लाटेसारखी फुगतात, तोही ताण गोंदावरच. शिलाईची बांधणी ओळखायला पुस्तक वरच्या कडेने बघा, पाठीशी घड्यांचे छोटे गठ्ठे दिसतात. साधारण दर सोळा पानांच्या मधोमध दोरा दिसायला हवा. नुसती सपाट कड दिसली तर तो गोंद. ग्रामीण कथांचे दोन संग्रह असेच गोंदाचे निघाले. कथा अस्सल आहेत, दुष्काळात छावणीला गेलेल्या जनावरांचं वर्णन तर अंगावर येतं. म्हणून शिलाईची जुनी प्रत कुठे दिसली तर पुन्हा घेणार. स्वस्त की टिकाऊ, याचा निकाल माझ्याकडे नाही.

राहिलं हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचं आठवणींचं पुस्तक. 17 सप्टेंबर 1948 पर्यंतचा काळ, सरहद्दीवरचे कॅम्प, करोडगिरी म्हणजे जकात नाक्यांवरचे हल्ले, सगळं आत राहिलेल्या माणसाच्या नजरेने आलंय. मजकुरात खोट काढायला जागा नाही. पण पाचशे पानांना सूची नाही. आपल्या गावचं नाव शोधायचं तर पाचशेच्या पाचशे पानं चाळा. मी पेन्सिलने गावांची नावं मागच्या कोऱ्या पानांवर टिपतेय, पानाच्या आकड्यासकट. उमरी, नायगाव, परतूर इथवर आलेय. सूची घालून नवी आवृत्ती निघाली, तर हेही दुसऱ्यांदा घेईन.