अल्बाइसिनमधील एका घराची ओढ

स्पेनमधील ग्रानादाला येणारे बहुतेक जण अल्हाम्ब्रा हा टेकडीवरचा किल्लेवजा राजवाडा पाहण्यासाठी येतात, आणि आम्ही दोघेही त्याच ओढीने आलो होतो. माझे मन मात्र गुंतले ते दार्रो नदीपलीकडे, समोरच्या टेकडीवर वसलेल्या अल्बाइसिन या जुन्या वस्तीत विक्रीला निघालेल्या एका घरात.

रस्त्यावरून त्या घराचा काहीच अंदाज येत नाही. चुन्याने रंगवलेली उंच भिंत, बरीच वर, गजांची एक लहान खिडकी आणि खिळे ठोकलेला जाड लाकडी दरवाजा, एवढेच दिसते. दरवाजातून आत गेल्यावरही चौक लगेच समोर येत नाही. आधी एक काळोखी वळण घ्यावे लागते, म्हणजे दार उघडे राहिले तरी रस्त्यावरच्या माणसाची नजर घरात पोहोचत नाही. वळण संपले की उजेड, मधोमध लांबट उथळ हौद, त्याच्या एका अंगाला विटांचे खांब आणि वरच्या मजल्यावर चारी बाजूंनी फिरणारा लाकडी सज्जा. फरशी काळ्या-पांढऱ्या गारगोट्यांची असून प्रत्येक गोटा उभा रोवून त्यांतून वेलबुट्टी साधलेली आहे. सज्जाच्या तुळया ज्या लाकडी हातांवर टेकल्या आहेत, त्यांच्या टोकांना दिलेली गोलाई इतकी हळुवार आहे की मी कितीतरी वेळ मान वर करून तिथेच उभी होते. वरच्या खोलीतून अल्हाम्ब्राचे तांबूस बुरूज दिसतात आणि घराच्या जाहिरातीत मुख्य भर त्यावरच दिलेला आहे. माझ्या दृष्टीने या घराचे खरे वैभव खालच्या चौकात आहे.

अशा घरांची घडण समजून घ्यायची असेल, तर याच वस्तीतील कासा दे साफ्रा आणि ओर्नो दे ओरो गल्लीतील घर ही दोन्ही पाहावीत. दोन्ही मुळात नसरी काळातील, म्हणजे ग्रानादावर मुस्लिम सुलतानांचे राज्य होते तेव्हाची आहेत. जानेवारी १४९२ मध्ये शहर कॅथलिक राजाराणीच्या स्वाधीन झाले. पुढे बाप्तिस्मा घ्यावा लागलेल्या मुसलमानांना मोरिस्को म्हटले जाऊ लागले आणि त्यांनी आपली घरे जुन्याच पद्धतीने, चौक आणि हौद राखून बांधली. १५६८ मध्ये अल्पुहार्रासच्या डोंगरांत त्यांचा उठाव झाला, तो मोडून काढण्यात आला आणि मोरिस्कोंना ग्रानादातून हाकलण्यात आले. अल्बाइसिन ओस पडले. रिकाम्या घरांच्या जागा एकमेकींत मिळवून पुढे त्यांवर भिंतीआड बाग असलेली घरे उभी राहिली, ज्यांना येथे कार्मेन म्हणतात. मी त्या चौकाच्या प्रेमात पडले आहे हे खरे. पण तो ज्यांनी घडवला त्यांच्या वंशजांना तो सोडून जावे लागले, ही गोष्ट त्या प्रेमातून मला वगळता येत नाही.

हौदात पाणी कोठून येत असे, याचे उत्तर टेकडीभर पसरलेले आहे. अल्फाकार गावच्या मोठ्या झऱ्यापासून आयनादामार नावाचा पाट काढून पाणी येथवर आणले गेले होते आणि ते वस्तीतल्या भुयारी टाक्यांत साठवले जाई. या टाक्यांना अल्हिबे म्हणतात. त्यांतली सर्वांत मोठी, राजाची टाकी, सुमारे ३०० घनमीटर पाणी मावेल एवढी आहे. सान निकोलास चर्चजवळ अल्हाम्ब्रा पाहायला दाटी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष तेथल्या टाकीच्या विटांच्या कमानीकडे जाते, याचे मला वाईट वाटते; कारण त्या पाण्यावाचून ही वस्ती उभीच राहिली नसती.

आता घराच्या दुखण्याविषयी. त्याच्या भिंती फळ्यांच्या साच्यात चुना मिसळलेली माती थरावर थर ठोकून उभ्या केलेल्या आहेत. अशी भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून तो हळूहळू बाहेर सोडते. या घरात कोणीतरी पूर्वी खालच्या कंबरभर उंचीला सिमेंटचा गिलावा केला आहे, त्यामुळे ओल आत कोंडली, वर चढली आणि सिमेंट जिथे संपते तिथे क्षारांची पांढरी बुरशीसारखी रेघ उमटली आहे. मी तिथे बोट फिरवले तेव्हा मातीचा भुगा हातात आला. हातभर वरचा जुना चुना मात्र अजून टणक आहे. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांची डागडुजी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

१९९४ पासून अल्बाइसिन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत अल्हाम्ब्राच्या जोडीने आहे, त्यामुळे येथे खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की वाळूचे पोतेसुद्धा बऱ्याच ठिकाणी माणसानेच वाहून न्यावे लागते. या कटकटींची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती अशी घरे एकामागून एक पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देण्याची. कारण ओल कोठे धरते आणि कोणते कौल सरकले, हे त्या घरात बारा महिने राहणाऱ्यालाच कळते.

आम्ही अजून होकार कळवलेला नाही. भिंतींचा तळ आणि सज्जाच्या तुळया तपासण्यासाठी एका वास्तुविशारदांना बोलावले आहे. त्यांचा अहवाल अनुकूल आला आणि घर आमचे झाले, तर सर्वांत आधी तो सिमेंटचा थर उतरवून भिंत निदान एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यायची आणि मगच चुन्याला हात घालायचा, एवढे आमचे ठरले आहे.