सीनाकाठचं वर्तुळ : हुरड्यापासून भेगांपर्यंत

मागच्या नोंदीत सीना नदीकाठच्या ज्वारीच्या रानात हवेतून दिसणाऱ्या एका वर्तुळाबद्दल लिहिलं होतं. त्याचा उलगडा बऱ्यापैकी झालाय. त्याला छेदून जाणारी रेघ मात्र सुटत नाही, आणि आता सगळा जीव त्या रेघेत अडकलाय.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: जमिनीखाली बुजलेला चर असेल तर तिथं ओल जास्त टिकते, पीक हिरवं आणि उंच होतं. खाली भिंत किंवा फरसबंदी असेल तर पीक खुरटतं, लवकर पिवळं पडतं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळ ड्रोनमधून अख्खं वर्तुळ दिसलं, ते याचमुळे. तिकडं असा उन्हाळा कधीमधी येतो. आपली रब्बी ज्वारी तर दरवर्षीच जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर वाढते. पोटरीत आल्यापासून (कणीस बाहेर पडायच्या आधीपासून) हुरड्यापर्यंत ओल आटत जाते आणि खुणा उमटतात. सोलापूरच्या माणसानं हा छंद का धरावा, त्याचं उत्तर हेच आहे.

वर्तुळ सीनेपासून थोडं वर, हलक्या-मध्यम रानात आहे. गूगल अर्थवर मोजलं तर व्यास १४ मीटर. आत ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली नाही, कडेनं गर्द हिरवी कड, आणि ती कड पूर्वेला जवळपास दुप्पट जाड. मला लगेच विदर्भातली शिळावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोल मांडलेली प्राचीन दफनं आठवली, जुनापाणी, माहूरझरी वगैरे. पण शिळावर्तुळाची कड एकाच अंगाला जाड का असावी, हे काही केल्या पटेना.

जानेवारीत हुरड्याला गेलो तेव्हा रानाच्या मालकांना फोटो दाखवला. तात्या ऐंशीच्या घरातले. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि म्हणाले, “हे खळं हाय की आमच्या वडलांचं. मधी बाभळीचा तिवडा हुता. पात हाकायला मीच असायचो.” खळं म्हणजे मळणीची जागा, तिवडा म्हणजे मधला खांब, पात म्हणजे त्याभोवती फिरणारी बैलांची रांग. मी पूर्वेच्या जाड कडेचं विचारलं. ते उठून वावडीवर (धान्य वाऱ्यावर धरायच्या उंच तिवईवर) उभं राहिल्यासारखे उभे राहिले, दोन्ही हात वर नेऊन पाटी उफणल्यासारखी केली आणि म्हणाले, “कोंडा सगळा ह्या अंगाला पडायचा.”

सगळं जुळलं. बैलांच्या पायांनी आणि वर्षानुवर्षांच्या सारवणानं आतली माती घट्ट झालेली, बाहेर कोंडा आणि शेण कुजून जमीन कसदार झालेली. शिळावर्तुळ गेलं याचं वाईट वाटलं नाही. हवेतून दिसणारं खळं मी पहिल्यांदाच पाहत होतो. हार्वेस्टर आणि मळणीयंत्रानंतर ती राहिलीत किती?

आता रेघ. सुमारे ६० मीटर, सरळ, फिकट. पुस्तकी नियमानं खाली भिंत हवी. पण आपल्या जमिनीत हा नियम डोळे झाकून लावू नका. दुसऱ्या एका रानात पाइपलाइनसाठी चर खणला होता. खालचा मुरूम वर आला, वरची काळी खाली गेली, आणि पुढच्या हंगामात चराच्या वर ज्वारी पिवळी होती. म्हणजे पातळ काळीखाली मुरूम असेल तर चरसुद्धा भिंतीसारखा दिसतो. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची ढेकळं भेगांत पडतात, जमीन स्वतःलाच नांगरते. जुन्या खुणेच्या कडा त्यात विस्कटतात.

तात्यांच्या माहितीत तिथून पाइपलाइन गेलेली नाही. गटाच्या नकाशात बांधही नाही. गाडीवाट असू शकते, चाकोरीत माती दाबली जाते. पण गाडीवाट ६० मीटर अशी सुतात जाते का? सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा, त्यात ही रेघ येणारच नाही.

कडबा निघाल्यावर मार्चमध्ये रेघेवरून चालत गेलो. उकरलं काहीच नाही, उत्खननाला परवाना लागतो आणि लागायलाच हवा. जागाही इथं सांगणार नाही, गुप्तधनाच्या मागं लागलेले लोक रात्रीत खड्डे पाडतात. मी फक्त भेगा बघितल्या. बाजूच्या रानात हात कोपरापर्यंत जाईल अशा. रेघेवर बोटभर रुंद, वीतभर खोल. म्हणजे तिथं चिकणमाती पातळ आहे किंवा मुरूम मिसळलेला आहे. खापरं दोनच दिसली, दोन्ही झिजलेली, त्यावरून काही म्हणता येत नाही. फोटो काढून तिथंच ठेवली.

पुढचं काम कोरोना नावाच्या अमेरिकी हेर उपग्रहांची १९६० च्या दशकातली छायाचित्रं शोधण्याचं. त्यात ही रेघ गाडीवाट म्हणून पांढरी दिसली तर प्रश्न मिटला. तेव्हाच्या उभ्या पिकातसुद्धा आजच्यासारखीच फिकट दिसली, तर पुढच्या रब्बीत तात्यांच्या शेजारच्या रानावरूनही ड्रोन उडवायला परवानगी मागीन, रेघ बांधापलीकडं जाते का ते बघायला.