मे हाँग सॉन: बँकॉककडे पाठ करून बसलेला प्रांत

उत्तर थायलंडच्या पिंग, वांग, योम, नान या नद्या दक्षिणेला उतरून चाओ फ्राया होतात आणि बँकॉकजवळ समुद्राला मिळतात. वायव्य कोपऱ्यातल्या मे हाँग सॉनचं पाणी मात्र तिकडे फिरकतच नाही. पाय नदी पश्चिमेला वळून म्यानमारमध्ये शिरते आणि तिथल्या साल्विन नदीला मिळते. युआम नदी दक्षिणेला वाहत मोएई नदीत मिसळते आणि मोएई पुन्हा उत्तरेला येऊन साल्विनमध्ये. त्या संगमावरूनच सोप मोएई तालुक्याचं नाव पडलंय, 'सोप' म्हणजे मुख. या प्रांताची माणसं, देवळं, जेवण समजून घ्यायचं तर ही उलटी वाहणारी गंगा आधी लक्षात ठेवावी.

क्षेत्रफळ साधारण १२,७०० चौ. किमी, तालुके सात. ८५ टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली, थायलंडमध्ये सर्वाधिक. ऐकायला छान वाटतं. पण सपाट जमीन म्हणजे दोन डोंगररांगांमधल्या चिंचोळ्या पट्ट्या, भातखाचरं तिथेच. उरलेली बरीच वस्ती डोंगरउतारावर, राखीव जंगलाच्या हद्दीत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे कागद हातात नसणं हा इथला जुना प्रश्न.

मे हाँग सॉन शहराची सुरुवात हत्तींपासून झाली. १८३१ मध्ये चियांग माईच्या राजाने हत्ती पकडायला माणसं पाठवली. ओहोळाकाठी तळ पडला, तिथे हत्तींना शिकवलं जाई. 'सॉन' म्हणजे शिकवणं. वस्ती झाली ती मुख्यतः सीमेपलीकडच्या शान लोकांची, ज्यांना थाई लोक 'थाई याई' म्हणतात. १८७४ मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला. पुढे सागवानाचा धंदा वाढला, ओंडके साल्विनमधून म्यानमारच्या मौलमीन बंदराकडे सोडले जात. शान आणि बर्मी देवळांचे एकावर एक चढत गेलेले छपरांचे थर, कडेची पत्र्याची नक्षी हे सगळं सीमेपलीकडचं वळण. शहरातल्या तळ्याकाठची 'वाट चोंग खाम' आणि 'वाट चोंग क्लांग' ही देवळं ('वाट' म्हणजे देऊळ) पाहिली की ते लगेच ओळखू येतं.

शानांचा मोठा सण पॉय सांग लाँग. मार्च-एप्रिलमध्ये मुलांना श्रामणेर दीक्षा देतात. त्याआधी त्यांना राजपुत्रासारखं नटवून खांद्यावर मिरवतात, पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. आणि स्वयंपाकघरात 'थुआ नाओ' हवंच. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, मऊ होईस्तोवर शिजवायचं, पानं घातलेल्या टोपलीत दोन-तीन दिवस आंबवायचं, कुटून पातळ चकत्या थापायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. चकती जाड राहिली किंवा ऊन कमी पडलं तर आतून बुरशी धरते. वापरताना निखाऱ्यावर भाजून कुटतात. न भाजता घातली तर नुसता वास येतो, चव उतरत नाही.

शानांइतकेच महत्त्वाचे कारेन. त्याशिवाय लिसू, लाहू, मोंग, लवा. आणि बान राक थाई गावात चीनमधल्या यादवीनंतर आलेल्या कुओमिंतांग (कम्युनिस्टांकडून हरलेला पक्ष) सैनिकांचे युन्नानी वंशज, जे आता चहा पिकवतात. गळ्यात पितळी वेटोळी घालणारे कयान लोक म्हणजे म्यानमारच्या कया राज्यातल्या लढाईतून १९८० च्या दशकाअखेर पळून आलेले निर्वासित. वेटोळ्यांनी मान लांबत नाही, गळपट्टीची हाडं आणि बरगड्या खाली दाबल्या जातात. त्यांच्या गावांत प्रवेशाला तिकीट असतं आणि त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधनं. जायचं की नाही ते हे जाणून ठरवावं.

पांग मफा तालुक्यातला चुनखडीचा प्रदेश वेगळाच. इथल्या गुहांत सागाच्या खोडातून कोरलेल्या, सुमारे दोन हजार वर्षं जुन्या शवपेट्या सापडल्यात. थाम लॉट गुहेतून लांग नदी आरपार वाहते. कंदीलवाला वाटाड्या घ्यावाच लागतो, पुढचा टप्पा बांबूच्या तराफ्यावर. पावसाळ्यात पाणी चढलं की तो भाग बंद होतो, म्हणून ते महिने टाळा. संध्याकाळी पाकोळ्यांचे थवे आत परततात, तेव्हा मुखाशी थांबावं.

रस्त्याबद्दल. चियांग माई ते पाय गाव सुमारे १३५ किमी, वळणं ७६२ म्हणतात. तीन तास धरा. गाडी लागणाऱ्याने गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, मळमळायला लागल्यावर नाही. चियांग माईहून महामार्ग १०९५ ने मे हाँग सॉनला जाऊन महामार्ग १०८ ने परतायचं, तर एकूण ६०० किमी होतात. चार दिवस लागतातच. दुचाकीवाल्यांचं मुख्य चुकतं ते उतारावर: ब्रेक सतत दाबून धरतात, तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. चढला असाल त्याच गिअरमध्ये उतरा.

मे हाँग सॉन शहराला थाईमध्ये 'तीन धुक्यांचं गाव' म्हणतात: हिवाळ्याचं धुकं, पावसाळ्याचं धुकं, आणि उन्हाळ्याचं. तिसरं धुकं खरं म्हणजे धूर. फेब्रुवारी ते एप्रिल जंगलातला पाचोळा आणि शेतं जळतात, सीमेपलीकडचा धूरही येतो, आणि दरीत वारा नसल्याने तो तळाशी साचून राहतो. दमेकऱ्यांनी तेव्हा जाऊ नये. नोव्हेंबर ठीक. खुन युआमजवळच्या दोई मे ऊ खोचे उतार तेव्हा मेक्सिकन सूर्यफुलांनी पिवळेधमक होतात, ती फुलंही मूळची परदेशीच.