ओव्हनच्या दारावरचे खापरपणजोबा

नेब्रास्कातल्या लिंकनहून दक्षिणेला साधारण ४० मैलांवर बीॲट्रिस आहे. नावातल्या ‘ॲट’वर जोर द्यायचा, नाहीतर परगावचे म्हणून लगेच ओळखतात. हे विहीणबाईंनी मला गाडीत बसल्याबसल्याच शिकवलं. मार्च महिना होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं आणि वारा, बाकी काही नाही. लेक मागच्या सीटवर नातवाला झोपवत होती.

गावाबाहेर होमस्टेड कायद्याच्या आठवणीचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. १८६२च्या या कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. तिथला वाहनतळ मोजून एक एकराचा केलाय, म्हणजे येणाऱ्याला एकराचा अंदाज यावा. मी त्याला एक फेरी मारली आणि तेवढ्यातच दमले. आवारात १८६७ची एक लाकडी खोली उभी आहे, १४ बाय १६ फूट. आमच्या गावाकडची माजघरं याहून मोठी होती. ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांची राखीव जमीनही याच भागात होती आणि १८८१मध्ये त्यांना ओक्लाहोमाकडे जावं लागलं, हेही विहीणबाईंनीच सांगितलं. सांगून झाल्यावर बराच वेळ त्या गप्प होत्या.

पण मला न्यायचं होतं ते त्यांच्या चुलतभावाच्या शेतावर. तिथल्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांमागे, बिडाची जुनी चूल आहे. वर चार झाकणं, बाजूला जळण घालायची पेटी, मध्ये ओव्हन. विहीणबाईंनी ओव्हनचं दार खाली पाडलं आणि म्हणाल्या, “माझे आजोबा इथे वाढले.”

म्हणजे जावयाचे पणजोबा, माझ्या नातवाचे खापरपणजोबा. १९१२चा जानेवारी, हाडं गोठवणारी थंडी, आणि बाळ दोन महिने आधीच आलेलं. आपल्याकडे सातमाशी म्हणतात तसं. डॉक्टर घोडागाडीने पोचले तेव्हा बाळ दोन दिवसांचं झालं होतं. ते म्हणे, नाव ठेवून घ्या, फार दिवसांचं नाही. तोवर शेजारणीने बाळाला कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात घातलं होतं आणि खोकं या उघड्या दारावर ठेवलं होतं. आईचं दूध थेंबाथेंबाने तोंडात सोडायचे. आईच्या लग्नाची अंगठी बाळाच्या दंडापर्यंत सरकायची, असंही घरात सांगतात. ही अंगठी मी अमेरिकेत आणखी दोन घरांतून ऐकलीय, त्यामुळे मी फक्त मान हलवली. चुलतभावाच्या मते तर खोकं बुटांचं नव्हतंच, सिगारचं होतं. पिढीगणिक खोकं लहान होत चाललंय.

बाळाला ऊब देणारी यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. याच राज्यातल्या ओमाहाच्या १८९८च्या प्रदर्शनात ती आली होती, आत जिवंत बाळं ठेवून. लोक तिकीट काढून बघायचे. शेतावर मात्र वीजच नव्हती. १९३५पर्यंतसुद्धा अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती.

मला भलताच प्रश्न पडला. माझे धाकटे काकाही सातमाशी. आजीच्या बाजेखाली शेगडी असायची, आणि तिच्यातली धग कमी-जास्त करायला मोठी आत्या रात्र रात्र बसायची, हे मी शंभरदा ऐकलेलं. तर इथे जाळायचे काय, आणि बसायचं कोण?

“मक्याची बुरकुंडं,” चुलतभाऊ म्हणाले. झाडं कमी, कोळसा विकतचा; म्हणून दाणे काढून उरलेली बुरकुंडंच जाळायची. ती भुरकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. म्हणजे दर थोड्या वेळाने कुणीतरी मूठभर टाकायलाच हवीत. जास्त टाकली तर बाळ भाजणार, डुलकी लागली तर गारठणार. चुलीला तापमापक नाही, हात आत घालूनच अंदाज घ्यायचा.

विहीणबाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, आजोबांची एक थोरली बहीण होती, नऊ वर्षांची. त्या हिवाळ्यात तिची शाळा बुडाली, एवढं आजोबा सांगायचे. का बुडाली, हे कुणी विचारलं नव्हतं.

शेडमध्ये वारा फटीतून शिरत होता. लेकीने नातवाला माझ्याकडे दिलं आणि ओव्हनच्या दारावर वीत टाकून मोजलं. जेमतेम दोन विती भरल्या. चुलतभाऊ आतून कुणाला तरी फोन लावत होते, आजोबांच्या त्या थोरल्या बहिणीचं लग्न कुठल्या गावात झालं होतं ते विचारायला.