रेकॉर्डिंगला लावलंय का?

टीव्ही घेताना माणूस इंच विचारतो, फ्रिज घेताना लिटर विचारतो. टीव्हीवरचा कार्यक्रम धरून ठेवणारा रेकॉर्डर घ्यायचा म्हटलं की मात्र काय विचारावं तेच सुचत नाही. आमच्या लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात म्हणतात. त्यातल्या एका रस्त्यावरच्या दुकानात "रेकॉर्डिंगवाला बॉक्स आहे का?" असं विचारलं, तर काउंटरवरच्या पोरानं मोबाईलमधून मान वर काढली. "आता कोण रेकॉर्डिंग करायलंय सर? सगळं मोबाईलवरच येतंय की," म्हणाला आणि मान पुन्हा खाली.

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण आमच्या आईला मोबाईलवर मालिका बघायची नाही. एक तर मोबाईल नातवाच्या हातातून सुटत नाही. सुटला तरी त्याचा डेटा संपलेला असतो. आणि मालिका ही भिंतीवरच्या टीव्हीवर, समोर भाजीची परात घेऊन बघायची गोष्ट आहे यावर ती ठाम आहे. अण्णांना साडेसातच्या बातम्या हव्यात, आईला साडेसातची मालिका. वहिनींची मालिका आठला, ती संपेपर्यंत अण्णांचं कीर्तन कुठल्या तरी वाहिनीवर अर्धं होऊन गेलेलं. क्रिकेट असलं की हे सगळं वेळापत्रक मोडीत. तेव्हा घरातली शांतता टिकवायची तर एक यंत्र घ्यायला हवं, असा ठराव आमच्याकडे बहुमतानं पास झाला. (अण्णा विरोधात होते. "दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागतंयच की तेच," हा त्यांचा मुद्दा. पण त्या वेळी आई झोपते, आणि आईच्या दुपारच्या झोपेत कोणी ढवळाढवळ करत नाही.)

तसा हा प्रश्न जुनाच आहे. रामायण दूरदर्शनवर सुरू झालं ते २५ जानेवारी १९८७ ला. त्या काळात आमच्या गावाकडं टीव्ही मोजकेच, तेही काळे-पांढरे. रविवारी साडेनऊला लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्यावर टीव्ही चालवायचे. बारा व्होल्टवर चालणारा तो छोटा टीव्ही ओट्यावर ठेवलेला आणि समोर अख्खी आळी. बॅटरी आणणाऱ्याला पुढं बसायचा मान. कारण चुकलेला भाग परत दिसायची सोयच नव्हती. गेला तो गेला. मग शेजारची काकू तोंडी सांगायची, आणि तिच्या सांगण्यात सीतेचे दागिने जरा जास्त असायचे.

आमच्याकडं 'व्हिडिओ लावणं' म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. गणपतीत नाहीतर पोळ्याला वर्गणी काढून तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीपी भाड्यानं आणायचा आणि रात्रभरात तीन सिनेमे उडवायचे. व्हीसीपी म्हणजे नुसता कॅसेट वाजवणारा. रेकॉर्डिंग करणारा तो व्हीसीआर, आणि तो महाग. बहुतेकांनी घरी घेतला तो व्हीसीपीच, कारण 'रेकॉर्ड करून करायचंय काय?' हा प्रश्न अण्णांच्या पिढीत तेव्हापासून आहे. ज्यांनी व्हीसीआर घेतला त्यांच्याकडं टायमर होता. उद्या सकाळी अमुक वाजता अमुक चॅनल, असं रात्री लावून झोपायचं. त्यात एकच अडचण. मध्यरात्री लाईट गेली की व्हीसीआरचं घड्याळ पुसलं जायचं, आणि सकाळी उठून बघावं तर समोर आकडे नुसते लुकलुकत बसलेले. त्या यंत्राला वेळच माहीत नाही, ते काय रेकॉर्ड करणार.

हे यंत्र जपानात बसून केलेलं होतं. सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स काढलं, जेव्हीसीनं पुढच्या वर्षी व्हीएचएस. सोनीचं चित्र सरस होतं असं जाणकार सांगत, पण सुरुवातीला त्यांच्या कॅसेटवर तासभरच मावायचं, व्हीएचएसवर दोन तास. शिवाय व्हीएचएस कितीतरी कंपन्या बनवायला लागल्या, यंत्रं स्वस्त झाली आणि बीटामॅक्स मागं पडलं. गिऱ्हाईक चित्र नंतर बघतं, मावतं किती ते आधी. आपल्याकडं आली ती १८० मिनिटांची कॅसेट, आणि 'एलपी'चं बटण दाबलं की तीच सहा तास चालायची. चित्र जरा पातळ व्हायचं, पण लग्न अख्खं बसायचं. अमेरिकेतला कुणी पाहुणा हौसेनं तिकडचा व्हीसीआर घेऊन आला की त्याची पंचाईत. तिकडं वीज १२० व्होल्टची आणि चित्राच्या ओळी ५२५, आपल्याकडं २३० व्होल्ट आणि ६२५ ओळी. ते धूड मग कपाटावर शोभेला. सौदीहून आलेल्या यंत्रांचं तसं नसायचं, ती बहुतेक सगळीकडं चालणारी असत. त्यामुळं गल्लीत भाव सौदीवाल्या चाचांना.

कॅसेटच्या पाठीच्या कडेला प्लॅस्टिकची एक चिमुकली पट्टी असायची. ती नखानं मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. लग्नाच्या कॅसेटची पट्टी पहिल्या दिवशी मोडायची असा नियम होता. आणि नियम फिरवायचा झाला तर त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की काम झालं, यंत्र बिनतक्रार आधीचं सगळं पुसून नवं भरायचं. किती जणांच्या मंगलाष्टकांवर किती एकदिवसीय सामने चढले असतील, देव जाणे. चित्रात मुंग्या आल्या की दुकानदार झाकण उघडून ते चकचकीत हेड स्पिरिटनं पुसायचा. स्पिरिट नसेल तर कोरी करकरीत नोट घेऊन. नोट तुमची, आणि पुसून झाल्यावर ती परत मिळेलच असं नाही.

या यंत्रावरून अमेरिकेत कोर्टकचेरीही झाली. सिनेमा कंपन्यांचं म्हणणं, लोक घरी बसून चोरी करतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये निकाल दिला की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला म्हणून घरच्या घरी रेकॉर्ड केला तर ती चोरी नव्हे. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. आमच्या घरातला ठराव तीन विरुद्ध एक होता, म्हणजे आम्ही बरेच एकदिलाचे.

तर मुद्दा असा की आता घ्यायचं काय. मी आठवडाभर चौकशी केली. डिशच्या छत्र्या घरोघरी आल्या, चितेगावला टीव्ही बनवणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या व्हिडिओकॉननंही २००९ मध्ये डीटूएच काढलं, त्याच्या आदल्या वर्षी टाटा स्कायनं रेकॉर्डिंगवाला बॉक्स आणला होता. तेव्हापासून ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात. एकात हार्डडिस्क बॉक्सच्या पोटातच असते. दुसऱ्यात पोटात काही नाही, मागं यूएसबीचं भोक. पेनड्राइव्ह नाहीतर डिस्क आपली आपण लावायची. तिसरा फुकटच्या वाहिन्यांचा साधा बॉक्स, महिन्याचं भाडं नाही, त्यातल्या बऱ्याच बॉक्सनाही यूएसबी असतं.

पहिला दिसायला झकास. त्यात दोन ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारे भाग, असले तर आईची मालिका रेकॉर्ड होत असताना अण्णांना बातम्या बघता येतात. हे नीट विचारून घ्यावं, कारण एकच ट्यूनर असेल तर जे रेकॉर्ड होतंय तेच बघत बसावं लागतं, आणि मग यंत्र घेऊन भांडण जिथल्या तिथंच. पण छत्रीवाल्या कंपन्यांच्या या बॉक्समध्ये एक मेख आहे. रिचार्ज संपला की बहुतेक ठिकाणी नवे चॅनल तर बंद होतातच, पण आधी साठवलेलंही उघडत नाही. म्हणजे कणगी आपली, ज्वारी आपली, आणि कुलपाची किल्ली गावच्या सावकाराकडं. यूएसबीवाल्यातही तोच प्रकार. त्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, कॉम्प्युटरला लावलं तर ओळख दाखवत नाही. आणि डिस्क पहिल्यांदा लावली की बॉक्स विचारतो, 'फॉरमॅट करायचं का?' आमच्याकडं पुतण्यानं कपाटातली जुनी डिस्क काढून लावली होती आणि बोट 'हो'वर ठेवलं होतं. वहिनींनी ओरडून हात धरला. त्यात बारशापासूनचे सगळे फोटो होते. डिस्क नवीच घ्यावी, हा माझा कळकळीचा सल्ला.

जागेचा हिशेब फार अवघड नाही. साध्या चॅनलचा एक तास साधारण सव्वा ते दीड जीबी खातो, एचडीचा साडेतीनच्या आसपास. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर साधे वीसेक तास, ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे १४० तास. दुकानदार एक टेराबाइट घ्या म्हणतात. घेऊ नये. जितकी जागा जास्त, तितकं न बघितलेलं जास्त.

माझ्या मते बघायची खरी गोष्ट कुठल्याच डब्यावर छापलेली नसते. चालू रेकॉर्डिंगमध्ये लाईट जाऊन परत आली तर ते यंत्र काय करतं? दोन मिनिटांत जागं होऊन राहिलेला भाग पुढं धरतं, की सगळं विसरून स्टँडबायचा लाल दिवा दाखवत बसतं? लोडशेडिंगची ती भयंकर वर्षं गेली, पण डीपी जळते, तार तुटते, जूनचं पहिलं वारं सुटलं की लाईट हमखास जाते. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो टीव्हीच्या बोर्डाला जोडलाय की नाही हे वायरमनलाच ठाऊक.

म्हणून मी दुकानातल्या पोराला म्हटलं, "यात काहीतरी रेकॉर्डिंगला लाव आणि पिन उपट."

"पिन?"

"हो. सरळ उपट. आणि मिनिटभरानं परत घाल."

आतून मालक बाहेर आले. "साहेब, असं आजवर कोणी विचारलं नाही बगा." पण त्यांनाही उत्सुकता लागली असावी. पहिल्या बॉक्सची पिन काढली, घातली, तो जागा झाला आणि एखादा नवा पाहुणा आल्यासारखी भाषा निवडायला सांगू लागला. बाद. दुसऱ्यानं अर्धवट भाग ठेवला, पुढचा धरला नाही. तिसऱ्यानं जरा वेळ घेतला, सिग्नल शोधला, आणि तो बारीक तांबडा ठिपका आपणहून पुन्हा पेटला. यादीत एक कार्यक्रम दोन तुकड्यांत दिसत होता. मालक स्वतःच म्हणाले, "घ्या हाच."

तो घेतला. पावसाचं मात्र कोणी काही करू शकत नाही. ढग दाटून आले की छत्रीचा सिग्नल जातो आणि आपला प्रामाणिक बॉक्स अर्धा तास 'सिग्नल नाही'चं रेकॉर्डिंग करून ठेवतो. वेळही पुढंमागं धरावी लागते. महाएपिसोड दहा मिनिटं लांबला की नेमकं जिथं सासूला खरं कळतं तिथं रेकॉर्डिंग तुटतं. म्हणून आधी दोन मिनिटं आणि नंतर पंधरा.

या यंत्राचं सगळ्यात मोठं कौतुक सांगतात ते जाहिराती पळवता येण्याचं. आमच्याकडं ते साफ वाया गेलं. पुतण्यानं पहिल्याच दिवशी जाहिराती पळवल्या तर आई खवळली, "अरे थांब की, भाकरी कधी उलटू?" तिचा अख्खा स्वयंपाक जाहिरातींच्या मापानं बसवलेला. ब्रेकला पीठ मळायचं, पुढच्या ब्रेकला तवा. आता ती रेकॉर्ड केलेली मालिकाही जाहिरातींसकट बघते. वहिनी डोक्याला हात लावतात. पॉजचं बटण मात्र तिला पटलंय. दूधवाला आला की खलनायिकेला तोंड उघडं असतानाच थांबवून ती दार उघडायला जाते.

अण्णांनी तर विरोधी पक्षात राहूनच डिस्क भरली. रोजचं कीर्तन रेकॉर्डिंगला. बघत एकही नाहीत. जागा संपत आली म्हणून चार जुनी कीर्तनं काढू का, असं वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मालिकांचे जुने भाग काढा. त्यात पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत झालंय. कीर्तनाचं तसं नसतं."

परवा मात्र त्यांनी स्वतः होऊन पॉज दाबलं. सामना चालू होता, जेवण वाढलेलं होतं. थांबवलं, निवांत जेवले, हात धुवून आले आणि जिथं सोडलं होतं तिथून सुरू केलं. "चांगलं आहे रे हे," असंही म्हणाले. पाच-सात चेंडू झाले असतील, तेवढ्यात उदगीरहून मामांचा फोन.

"दाजी, बघायलाव का? गेला की तुमचा हुकमी एक्का!"

पडद्यावर हुकमी एक्का षटकार मारून हेल्मेट नीट करत होता. अण्णांनी फोन कानाला धरूनच त्याच्याकडं बघितलं.

"ठेव फोन," ते मामांना म्हणाले. "आमच्याकडं अजून खेळायलाय तो."