मावळत्या ताऱ्यामागे साडेतीन तास

वातावरण ताऱ्याचा किती प्रकाश खातं, हे मोजायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ते एका रात्रीत उरकेल असं वाटलं होतं. एक मानक तारा (ज्याचं तेज आधीच नेमकं मोजलेलं आहे असा) धरायचा, तो मावळतीकडे कलेल तसा दर पंधरा मिनिटांनी निळ्या आणि 'व्ही' (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमधून टिपायचा, मग आलेख. प्रकाश किती हवेतून येतो त्याचं माप म्हणजे एअरमास: तारा खमध्यावर, म्हणजे अगदी डोक्यावर, असताना १, ३०° उन्नतांशावर (क्षितिजापासूनच्या उंचीवर) २. माझा तारा ७०° वरून निघाला आणि २५° वर सोडला, म्हणजे १.०६ ते २.३७. साडेतीन तास लागले.

एअरमास आडव्या अक्षावर आणि मोजलेली प्रत (तेजाचं माप; तारा जितका मंद तितका आकडा मोठा) उभ्या अक्षावर घेतली की सरळ रेषा यायला हवी. तिचा उतार म्हणजे विलोपनाचा, म्हणजे हवेत प्रकाश हरवण्याचा, गुणांक. रेषा शून्य एअरमासपर्यंत मागे वाढवली की वातावरणाबाहेरून तारा किती तेजस्वी दिसेल तेही कळतं, जमिनीवरून न हलता! फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेने अठराव्या शतकात चंद्राचा उजेड मेणबत्त्यांशी ताडून याच विषयाला हात घातला होता. माझ्याकडे सीसीडी कॅमेरा असूनही रेषा सरळ येईना. दीडच्या पुढे बिंदू वाकत गेले आणि 'व्ही'चा उतार ०.४२ आला.

खापर मी पातळ ढगांवर फोडलं. रात्री ते दिसत नाहीत, त्यामुळे सोयीचे असतात. पण मध्ये मध्ये पूर्वेकडून उगवणाऱ्या एका ताऱ्याच्याही प्रतिमा घेतल्या होत्या. त्याची रेषाही तशीच वाकलेली, फक्त इथे बिघडलेले बिंदू रात्रीच्या सुरुवातीचे होते. आधी पूर्वेला आणि नंतर पश्चिमेला, तेही नेमका क्षितिजाजवळ थांबणारा ढग? म्हणजे भानगड वेळेची नव्हती, उंचीची होती.

मग प्रतिमा एकेक करून मोठ्या करून पाहिल्या (हे आधीच करायला हवं होतं). वर असताना चार पिक्सेल रुंद असलेला ताऱ्याचा ठिपका खाली येईपर्यंत साडेसहावर फुगला होता आणि ज्या वर्तुळातला प्रकाश मोजायचा त्याची त्रिज्या मी सगळीकडे पाचच पिक्सेल ठेवली होती. कडेचा प्रकाश मीच कापत होतो आणि हिशोब वातावरणाच्या नावावर लिहीत होतो. त्रिज्या सोळा केली. 'व्ही'त ०.२६, निळ्यात ०.३८.

०.२६ म्हणजे तारा अगदी डोक्यावर असला तरी त्याचा २१ टक्के प्रकाश वाटेतच जातो. निळ्यात जवळपास ३०. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून निळ्याला जास्त फटका. बाकीचं धूळ, धूरके आणि थोडा ओझोन यांच्या खात्यावर.

दोन रात्रींनी पुन्हा मोजलं तर 'व्ही'त ०.३१. हात परत प्रतिमांकडे गेला. पण या वेळी उगवत्या आणि मावळत्या ताऱ्यांच्या रेषांचा उतार सारखाच होता. धूळ वाढली होती. आकडा तसाच वहीत लिहिला.